कानातून पू, डोक्यावर गाठ आणि न भागणारी तहान : कवटीपासून मेंदूपर्यंत पोचणारा ‘एलसीएच’ आजार काय आहे?

लहान मुलाचा कान फुटला की घरात फारसं कुणी घाबरत नाही. डोक्यावर कोंड्यासारख्या खपल्या धरल्या की तेल लावलं जातं. टेंगूळ दिसलं की ‘कुठेतरी पडलं असेल’ असं म्हणून विषय संपतो. पोर सारखं पाणी मागतंय, रात्री अंथरूण ओलं करतंय, ही तर घरोघरची तक्रार.

यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी साधीच असते, आणि बहुतेक वेळा ती साधीच ठरते. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच मुलाला होत असतील, औषध देऊनही महिनोन्‌महिने जात नसतील, तर त्यामागे एक दुर्मिळ आजार असू शकतो. त्याचं नाव आहे लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एलसीएच’ म्हणतात.

हा आजार कवटीच्या हाडाला भोकं पाडतो, चेहऱ्याचा आकार बदलू शकतो आणि काही मुलांमध्ये मेंदूपर्यंत पोचतो. चांगली बातमी अशी की वेळेवर ओळखला तर बहुतेक मुलं बरी होतात. अडचण ‘वेळेवर’ या शब्दाची आहे. आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ तालुक्यांत ही अडचण आणखी मोठी होते.

हा आजार नेमका काय आहे, तो डोक्यातच का जास्त दिसतो आणि त्याला पकडायचं कसं, हे समजून घेऊ.

हिस्टिओसाइट म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगप्रतिकारक पेशींची एक मोठी फौज असते. त्यातल्या काही पेशी रक्तात फिरतात, तर काही त्वचा, हाडं, फुप्फुस, यकृत अशा ठिकाणी मुक्काम ठोकून असतात. बाहेरून जंतू आला की त्याला गिळायचं किंवा त्याची खबर बाकीच्या पेशींना द्यायची, हे त्यांचं काम. अशा मुक्कामी पेशींना हिस्टिओसाइट म्हणतात.

त्वचेतल्या अशाच एका प्रकारच्या पेशी १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने शोधल्या. तो तेव्हा बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात, असा त्याचा समज झाला होता. पुढे त्यांना त्याचंच नाव मिळालं. एलसीएचमध्ये बिघडलेल्या पेशी या लँगरहान्स पेशींसारख्या दिसतात, म्हणून आजाराच्या नावात हे नाव आलं. प्रत्यक्षात आजाराची सुरुवात त्वचेत होत नाही, ती अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या अपरिपक्व पेशींमध्ये होते, असं आता मानलं जातं.

या पेशी बिघडतात का? २०१० मध्ये याचं मोठं उत्तर मिळालं. एलसीएचच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांमध्ये ‘बीआरएएफ’ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल सापडला. हे जनुक पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या साखळीतलं बटण आहे. एरवी ते गरजेप्रमाणे चालू-बंद होतं. या बदलामुळे ते चालूच राहतं. मग या पेशी एका जागी गोळा होतात, आजूबाजूच्या इतर प्रतिकारक पेशींना बोलावून घेतात आणि तिथे सूज येते. सूज हाडात असेल तर हाड झिजतं, त्वचेत असेल तर पुरळ उठतं.

मग हा कॅन्सर आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो पेशींच्या अर्बुदांमध्ये, म्हणजे अनियंत्रित वाढीच्या आजारांमध्ये येतो आणि उपचारही कर्करोगतज्ज्ञच करतात. पण त्याची वागणूक नेहमीच्या कॅन्सरपेक्षा वेगळी आहे. काही मुलांमध्ये एकाच हाडातली गाठ आपोआपही विरते, तर काही मुलांमध्ये तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेला घेरून जिवावर बेततो. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आई-वडिलांच्या कुठल्या चुकीमुळे होत नाही.

१८९३ मधली चूक आजही का आठवायची?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात आल्फ्रेड हँड नावाच्या डॉक्टरसमोर तीन वर्षांचं एक मूल आलं होतं. त्याला प्रचंड तहान लागायची, लघवी खूप व्हायची, डोळे बाहेर आल्यासारखे दिसायचे. मूल वाचलं नाही. शवविच्छेदनात त्याच्या कवटीच्या हाडाची झीज झालेली दिसली. हँडने १८९३ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली आणि कारण म्हणून क्षयरोगाकडे, म्हणजे टीबीकडे बोट दाखवलं. त्या काळी टीबीने एवढी माणसं जायची की ते साहजिकच होतं.

पुढे १९१५ मध्ये व्हिएन्नाचे आर्टुर शूलर यांनी अशा रुग्णांच्या कवटीचे एक्स-रे मांडले. त्यानंतर बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चन यांनी आणखी एक रुग्ण नोंदवला. कवटीत भोकं, बाहेर आलेले डोळे आणि न थांबणारी लघवी, या तीन लक्षणांच्या जोडणीला या तिघांचं नाव मिळालं. तान्ह्या बाळांमध्ये दिसणाऱ्या गंभीर प्रकाराला वेगळं नाव होतं, एकाच हाडातल्या गाठीला आणखी वेगळं. १९५३ मध्ये लिक्टेनस्टाइन या पॅथॉलॉजिस्टने हे सगळे प्रकार एकाच आजाराचे आहेत असं मांडलं आणि कारण माहीत नसल्यामुळे त्याला ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’ म्हटलं. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी हे नाव अजूनही असतं. ‘एलसीएच’ हे आजचं नाव १९८७ मध्ये ठरलं.

ही जुनी गोष्ट इथे सांगायचं कारण एकच. हँडला जो संशय आला, तोच आज भारतातही आधी येतो. मानेत गाठी, हाडाची झीज, बारीक ताप, वजन घटणं. हे सगळं टीबीत होतं आणि एलसीएचमध्येही होऊ शकतं. टीबी भरपूर आणि एलसीएच विरळा, त्यामुळे आधी टीबीचा विचार होणं चूक नाही. चूक तेव्हा होते, जेव्हा गाठीचा तुकडा न तपासताच टीबीची औषधं सुरू होतात आणि गुण येत नसतानाही पुढे चालूच राहतात.

कवटीत काय होतं?

एलसीएच असलेल्या साधारण ८० टक्के मुलांमध्ये हाडं सापडतात आणि हाडांमध्ये सर्वात जास्त वेळा कवटी.

सुरुवातीला डोक्यावर एक मऊ फुगवटा जाणवतो. टेंगूळ दोन-चार दिवसांत बसतं, हा फुगवटा बसत नाही. उलट हळूहळू वाढतो. दाबलं तर कधी दुखतो, कधी अजिबात दुखत नाही. काही वेळा बोटाला फुगवट्याखाली हाडाऐवजी खळगा लागतो.

एक्स-रेमध्ये कवटीत गोल, स्पष्ट कडेचं भोक दिसतं. पत्र्याला ठोकून भोक पाडावं तसं. कवटीच्या हाडाला आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. दोन्ही थर सारखे झिजत नाहीत, म्हणून भोकाची कड तिरपी कापल्यासारखी दिसते. अशी अनेक भोकं एकमेकांत मिसळली की एक्स-रेवर नकाशासारखी आकृती उमटते.

ऐकायला भयंकर वाटलं तरी कवटीवरच्या भागातली एकटी गाठ हा या आजाराचा तुलनेने सौम्य प्रकार आहे. अनेकदा तपासणीसाठी तुकडा काढताना गाठ खरवडली जाते आणि तेवढ्यावरही ती भरून यायला लागते. मुलांचं हाड काही महिन्यांत नव्याने भरतं. म्हणूनच सगळं हाड मोठं कापून काढण्याची गरज सहसा पडत नाही.

पण गाठ कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या खोबणीत, कानामागच्या हाडात किंवा गालाच्या हाडात असेल तर गोष्ट वेगळी. या हाडांना डॉक्टर ‘मेंदूला धोका असलेली हाडं’ म्हणतात. इथे आजार असलेल्या मुलांमध्ये पुढे मेंदूतल्या ग्रंथीला त्रास होण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे एकच गाठ असली तरी अनेकदा पूर्ण औषधोपचार सुचवला जातो.

चेहऱ्यावर कोणती चिन्हं दिसतात?

*कान :* कानामागच्या हाडात आजार असेल तर कान वाहतो. थेंब टाकले, गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू. कानामागे सूज येते. ऐकू कमी येऊ शकतं. कधी दोन्ही कान वाहतात.

*डोळे :* डोळ्याच्या खोबणीत गाठ झाली की एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो किंवा पापणी सुजते. सूज अनेकदा डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते. एकाच बाजूचा डोळा मोठा दिसू लागला, तर ते नेहमीच तातडीने दाखवण्यासारखं लक्षण आहे. कारण एलसीएच असो की दुसरं काही, डोळ्यामागे जागा फार थोडी असते.

*जबडा आणि दात :* जबड्याचं हाड झिजलं की दाताचा आधार जातो. हिरड्या सुजतात, रक्त येतं, चांगले दात हलू लागतात. एक्स-रेमध्ये दात हाडात रोवलेला न दिसता अधांतरी लटकल्यासारखा दिसतो. दुधाचे दात पडायचं वय नसताना दात हलत असतील तर फक्त दात काढून भागत नाही, एक्स-रे हवा.

*त्वचा :* तान्ह्या बाळांच्या डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या येतातच आणि काही महिन्यांत जातात. एलसीएचमधल्या खपल्या टिकून राहतात. सोबत कानामागे, काखेत, जांघेत लालसर पुरळ असतं. कधी त्यात रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. खरजेचं किंवा बुरशीचं मलम लावूनही ते जात नाही.

मेंदूत काय होतं? तहान एवढी का लागते?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्या देठाजवळच्या भागातून एक संप्रेरक रक्तात सोडलं जातं. ते मूत्रपिंडाला सांगतं, ‘पाणी राखून ठेव’. एलसीएचच्या पेशी या देठात शिरल्या की देठ जाड होतो आणि हा निरोप बंद पडतो. मूत्रपिंड पाणी रोखत नाही. लघवी पाण्यासारखी, रंगहीन आणि अतोनात होते. शरीरातलं पाणी गेलं म्हणून तहान लागते.

या स्थितीला अनेक वर्षं ‘डायबेटिस इन्सिपिडस’ म्हणत. नावात डायबेटिस असला तरी साखरेशी त्याचा काही संबंध नाही. रक्तातली साखर तपासली तर ती ठीकच येते. या गोंधळामुळेच २०२२ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी नाव बदलून ‘व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ असं नाव सुचवलं. एलसीएचच्या साधारण दहा ते पंचवीस टक्के रुग्णांना हा त्रास होतो. कधी तो गाठ दिसण्याआधीच सुरू होतो, कधी उपचार संपल्यावर काही वर्षांनी.

घरात हे कसं ओळखायचं? मूल रात्री दोन-तीनदा उठून पाणी मागतं. खेळ सोडून पाण्याकडे धावतं. अंथरूण ओलं न करणारं मूल पुन्हा करायला लागतं. जेवणाऐवजी पाण्यानेच पोट भरतं आणि वजन वाढत नाही.

अशा मुलाचं पाणी तोडलं तर त्याच्या रक्तातलं मिठाचं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. ‘रात्री पाणी देऊ नका, म्हणजे अंथरूण ओलं होणार नाही’ हा सल्ला इथे घातक आहे. मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, पण उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. डोक्यावरून हंडे आणणाऱ्या घरात एका मुलाला दिवसभर लागणारं जादा पाणी ही खरोखरची अडचण असते. म्हणून तर या तहानेचं कारण लवकर शोधायला हवं. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध हरवलेल्या संप्रेरकाची जागा घेतं आणि लघवी-तहान दोन्ही आटोक्यात येतात. ते बहुतेकांना आयुष्यभर घ्यावं लागतं. नाकावाटे घ्यायच्या काही प्रकारांना फ्रिज लागतो, गोळ्यांना लागत नाही. घरी फ्रिज नसेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

पिट्युटरीच्या पुढच्या भागाला धक्का बसला तर उंची खुंटते, वयात येणं लांबतं. शाळेत दरवर्षी उंची मोजली जात असेल तर हे लक्षात येतं.

मेंदूवरचा दुसरा परिणाम विरळा आहे, पण जास्त अवघड आहे. काही मुलांमध्ये, मूळ आजार बरा झाल्यावर कित्येक वर्षांनी, तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू खराब होऊ लागतो. चालताना झोक जातो, हात थरथरतो, अक्षर बिघडतं, बोलणं जड होतं, अभ्यासात मागे पडायला होतं. ही चिन्हं इतकी सावकाश येतात की ‘आळशी झालाय’ असा शिक्का बसतो. लहानपणी एलसीएच झालेलं मूल अचानक अभ्यासात मागे पडत असेल तर रागावण्याआधी त्याचा एमआरआय व्हायला हवा.

निदान कसं होतं?

पहिली पायरी साधी आणि स्वस्त आहे : डोक्याचा एक्स-रे. कवटीत भोक दिसलं की पुढचा रस्ता मोठ्या रुग्णालयाकडे जातो.

खात्री मात्र बायोप्सीनेच होते. म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. एलसीएचच्या पेशींवर ‘सीडी१ए’ आणि ‘लँगेरिन’ अशा दोन खुणा असतात. त्या खुणांचे खास रंग चढले की निदान पक्कं. त्याच तुकड्यातून बीआरएएफ जनुकातला बदलही तपासता येतो.

त्यानंतर आजार कुठवर पसरलाय हे पाहतात. रक्ततपासणी, यकृत आणि प्लीहेची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, बाकीच्या हाडांची तपासणी किंवा पेट स्कॅन. तहान असेल तर मेंदूचा एमआरआय. एकच जागा आहे की अनेक, आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यात आजार आहे का, यावर सगळा उपचार ठरतो.

टीबीची तपासणीही याच वेळी करून घेतात. कारण एलसीएचच्या औषधांमध्ये स्टेरॉइड असतं आणि अंगात टीबी लपलेला असेल तर स्टेरॉइडमुळे तो उसळू शकतो.

उपचारात सदाफुलीचा काय संबंध?

अनेक अवयवांत किंवा धोक्याच्या हाडांत आजार असेल तर जगभर दोन औषधांनी सुरुवात होते : व्हिनब्लास्टिन हे इंजेक्शन आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड.

व्हिनब्लास्टिन हे औषध मुळात सदाफुलीच्या झाडातून मिळालं. अंगणात, तुळशीजवळ, देवळाच्या कडेला दिसणारी तीच जांभळट-पांढरी सदाफुली. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिच्यातून हे द्रव्य वेगळं केलं. याचा अर्थ पानं चघळून किंवा काढा पिऊन आजार बरा होतो, असा मुळीच नाही. झाड विषारी आहे. औषध शुद्ध करून, मुलाच्या अंगाच्या मापाप्रमाणे मोजून, फक्त शिरेतूनच द्यावं लागतं.

पहिले सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन. त्यानंतर बहुतेकांना दर तीन आठवड्यांनी. एकूण उपचार एक वर्षाचा.

एक वर्ष कशाला, मूल तर दोन महिन्यांतच बरं दिसतंय? याचं उत्तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत आहे. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा सुरक्षित असलेल्या, पण एकाहून जास्त ठिकाणी आजार असलेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला ६ महिने औषध दिलं, दुसऱ्याला १२ महिने. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के, तर दुसऱ्यात ३७ टक्के होतं. या मुलांपैकी जवळपास ९९ टक्के पाच वर्षांनी हयात होती. ज्यांच्या यकृत, प्लीहा किंवा अस्थिमज्जेत आजार होता, त्यांच्यातही हे प्रमाण ८४ टक्के होतं.

म्हणजे जीव वाचवण्याइतकंच महत्त्वाचं आहे आजार पुन्हा येऊ न देणं. कारण तो जितक्या वेळा उलटतो, तितकी तहान, उंची, ऐकणं, मेंदू यांच्यावर कायमचे परिणाम राहण्याची शक्यता वाढते.

या औषधांनी भागलं नाही तर क्लॅड्रिबिन, सायटाराबिन अशी औषधं आहेत. बीआरएएफचं अडकलेलं बटण बंद करणाऱ्या गोळ्याही आल्या आहेत. व्हेमुराफेनिब, डाब्राफेनिब ही त्यांची नावं. खूप आजारी बाळांमध्ये त्यांचा परिणाम झटपट दिसतो. पण त्या महाग आहेत आणि थांबवल्या की आजार अनेकदा परत येतो.

शिरपामाळ ते परळ : खरी अडचण कुठे आहे?

जव्हारजवळच्या शिरपामाळाची ओळख इतिहासातून आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर निघालेले छत्रपती शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगितलं जातं. आज इथून मुंबईतल्या परळला जायचं तर साधारण दीडशे किलोमीटर अंतर पडतं. परळमध्ये टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं आणि वाडिया हे मुलांचं रुग्णालय आहे. मोखाडा-त्र्यंबकमार्गे नाशिक त्यापेक्षा जवळ आहे.

एक हिशेब करून पाहू. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार पंधरा वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला चार-पाच मुलांना एलसीएच होतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात या वयाची मुलं तीन कोटींच्या आसपास होती. हेच प्रमाण इथे धरलं तर राज्यात वर्षाला सव्वाशे-दीडशे मुलं. जव्हार आणि मोखाडा मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे या दोन तालुक्यांत दोन-तीन वर्षांत एखादं मूल.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आख्ख्या नोकरीत हा आजार एकदाही दिसणार नाही, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे नाव पाठ असणं महत्त्वाचं नाही. ‘हे नेहमीसारखं वागत नाहीये’ हे ओळखून मूल पुढे पाठवणं महत्त्वाचं आहे.

त्यासाठीची एक व्यवस्था आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलं तपासतं. त्यांच्या यादीत एलसीएच नाही. पण कान वाहणं, त्वचेचे आजार, दातांच्या तक्रारी आणि वाढीतला उशीर या यादीत आहेत. एकाच मुलाच्या नावापुढे यातल्या दोन-तीन रकान्यांत खूण पडत असेल, तर त्या खुणा एकत्र वाचायला हव्यात.

पुढची अडचण आहे वर्षभराच्या फेऱ्यांची. सहा आठवडे दर आठवड्याला, मग दर तीन आठवड्यांनी. एकूण वीसहून अधिक वेळा जावं लागतं. मुंबईला जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धरले तर वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या पुढे. आणि या भागातली अनेक वारली, कोकणा, कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर ‘जगायला’ बाहेर पडतात. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. पावसाळ्याआधी परततात. उपचाराचं वर्ष आणि पोटाचं वर्ष एकमेकांना आडवं येतं. मूल बरं दिसायला लागलेलं असतं, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. अशा वेळी सातव्या-आठव्या महिन्यात औषध सुटणं कुणालाही समजू शकेल.

म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं, ‘आम्ही अमुक महिने अमुक ठिकाणी असतो.’ त्याचा उपयोग होतो. भिवंडी-वसईहून मुंबई जव्हारपेक्षा जवळच पडते. काही मात्रा जवळच्या, मुलांच्या कर्करोगाची सोय असलेल्या रुग्णालयात घेता येतील का, हेही विचारता येतं.

पैशांचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात आणि मुलांच्या कर्करोगांवरील उपचार त्यात आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आजाराच्या नावाने विचारावं. एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना भाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं मुंबईत आहेत, तिथे मूल आणि पालकांना मोफत राहता येतं. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात याची विचारपूस करावी.

मोठ्या माणसांना हा आजार होतो का?

होतो, पण आणखी कमी. मोठ्यांमध्ये फुप्फुसातला एलसीएच बहुतेक वेळा सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये दिसतो आणि ती सोडणं हाच पहिला उपचार असतो.

याच कुळातले आणखी दोन आजार कवटी, चेहरा आणि मेंदूला धरतात. एर्डहाइम-चेस्टर हा आजार १९३० मध्ये नोंदला गेला. तो मुख्यतः मध्यमवयीन माणसांना होतो. पायाची हाडं दुखतात, डोळ्यांमागे गाठी होतात, तहान आणि तोल जाणं हेही दिसतं. त्यातही अनेकदा तोच बीआरएएफ बदल सापडतो. दुसरा रोझाय-डॉर्फमन, १९६९ मध्ये वर्णन झालेला. त्यात मानेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या, न दुखणाऱ्या गाठी येतात. नाक, सायनस आणि मेंदूच्या आवरणातही तो होऊ शकतो. मानेच्या गाठींमुळे याचीही टीबीशी गल्लत होते.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

– डोक्यावरचा मऊ फुगवटा दोन-तीन आठवड्यांत बसला नाही तर एक्स-रे काढून घ्या.
– औषध घेऊनही कान पुन्हापुन्हा वाहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
– एक डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल तर थांबू नका.
– सारखी तहान, पाण्यासारखी लघवी आणि साखर नॉर्मल, असं असेल तर मुलाचं पाणी तोडू नका, डॉक्टरांना गाठा.
– यातली दोन लक्षणं एकत्र असतील तर डॉक्टरांना दोन्ही सांगा. कान एकाला, पुरळ दुसऱ्याला आणि तहान कुणालाच नाही, असं होऊ देऊ नका.
– गाठीवर टीबीचे उपचार सुरू असूनही फरक नसेल तर ‘तुकडा तपासलाय का?’ हे विचारा.
– उपचार सुरू असताना ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.
– उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षं उंची, ऐकणं, तहान आणि अभ्यास यांच्याकडे लक्ष ठेवा. सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा आणि कामासाठी गाव सोडताना ती पिशवी सोबत न्या.

बहुतेक वेळा वाहणारा कान हा फक्त वाहणारा कानच असतो आणि टेंगूळ हे टेंगूळच. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. आधी जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा, आणि मुलाच्या सगळ्या तक्रारी एका दमात सांगा.